तिघींची ठेव

६ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस. घरात सगळे धडधाकट आहेत, देवाची कृपा. पत्र एवढ्यासाठी, की फोनवर तू "हो ताई, बरं ताई" करतोस आणि मी मुद्द्यावर येईपर्यंत तुझा दुसरा फोन वाजतो. कागदाला दुसरा फोन येत नाही. शिवाय लिहिलेलं नंतर नाकारता येत नाही, तुलाही आणि मलाही.

मुद्दा हा. ह्यांची नोकरी जूनअखेर संपते. पाणीपुरवठ्याचं हे क्वार्टर लगेच रिकामं करून द्यायचं. टाकीच्या सावलीतलं घर, भिंतीला बारमाही ओल, पण डोक्यावर छप्पर होतं आणि भाडं पगारातून परस्पर कापलं जायचं. म्हातारपणासाठी दोन खोल्या घेतल्या आहेत ते तुला माहीत आहेच. निम्मे पैसे भरले. निम्मे मे महिन्यात, चावी घेताना. तेव्हा दिले नाहीत तर बांधकामवाला आधी भरलेल्यातून मोठा लचका तोडून उरलेले परत करणार आणि खोल्या दुसऱ्याला देणार. करारात तसं स्पष्ट आहे.

ते राहिलेले निम्मे मी तीन जागी ठेवले आहेत. एक जागा तू. बाकीच्या दोन विचारू नकोस. तुझं त्यांना सांगितलेलं नाही, त्यांचं तुला सांगणार नाही. एकाचं दुसऱ्याला कळलं की तिघं बसून एक मत करतात, आणि मग तीन जागा कुठल्या राहायला? घरात ठेवायची सोय नाही. तुझे भाऊजी तुला ठाऊक आहेत. दारात उभं राहून कोणी "मुलगी आजारी आहे हो" म्हणालं की ह्यांचा हात खिशात. दोघांना जामीन राहून झालं, दोन्ही वेळा हप्ते आमच्या पगारातून गेले. माझ्या एकटीच्या नावाने बँकेत खातं काढावं तर ह्यांना वाईट वाटेल. बोलायला गेलं की म्हणतात, "अगं, देव देतो." देव देतो हे मलाही मान्य आहे, पण त्या देण्याचा मेळ घालायला तो मला बसवतो.

तेव्हा सरळ विचारते. बँकेतली काउंटरची नोकरी सोडून तू हे परदेशी पैशांचं जे काम धरलं आहेस, त्यात माझा तिसरा हिस्सा सुखरूप आहे ना? माझं शिक्षण मॅट्रिकचं, मला समजेल असं लिही. नाहीतर मार्चमध्येच काढून घ्यावा असं मनात आहे.

तुझी ताई


१४ फेब्रुवारी

ताई,

साष्टांग नमस्कार, आणि तो पत्रातूनच घे. समोर येऊन घातला असता तर तू आधी कान धरला असतास.

मी कुठे बसतो ते आधी सांगतो, म्हणजे तुला वाटायचं नाही की मी कुठल्या जुगाराच्या अड्ड्यावर आहे. झेरॉक्सच्या दुकानावरची खोली. खाली यंत्र चाललं की माझं टेबल थरथरतं, चहाच्या पृष्ठभागावर वलयं उठतात. दोन संगणकाचे पडदे, एक पंखा, एक खुर्ची, आणि बायको कधी डबा घेऊन आली तर तिला बसायला स्टूल. ती म्हणते, "लग्नात सांगितलं होतं मुलगा बँकेत आहे. हे कुठलं खूळ काढलंत?"

आता समजेल असं लिहितो. दोन देशांची चलनं एकमेकांसमोर तोलायची, ती झाली एक जोडी. एक विकायचं आणि दुसरं घ्यायचं. घेतलेलं वधारलं की फायदा, पडलं की तोटा. आपण दलालाकडे जी रक्कम ठेवतो तिच्या तीसपट व्यवहार तो आपल्याला करू देतो. म्हणजे फायदा फुगतो आणि तोटाही फुगतो, हे मी तुझ्यापासून लपवत नाही. तोटा वाढत जाऊन ठेव आटत आली की दलाल आपल्याला विचारत बसत नाही, सौदे परस्पर बंद करून टाकतो. एकाच जोडीवर उडी मारणारे लोक असेच धुऊन निघतात. मी ते करत नाही. हे काम शिकायला मी क्लास लावला होता, तिथे पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं होतं, जोखीम वाटा. मी ती सहा जोड्यांत वाटली आहे. युरो, पाउंड, येन, फ्रँक, ऑस्ट्रेलियाचा डॉलर आणि न्यूझीलंडचा डॉलर, समोर अर्थातच अमेरिकेचा डॉलर. बाजाराची रीतच ती आहे. सध्या तो उतरणीला आहे, म्हणून मी तो विकून ही सहा घेतो. सहा देश, सहा वेगळ्या तऱ्हा. एकाला ताप आला तर पाच धट्टेकट्टे असतात.

तुझ्याखेरीज घरच्याच आणखी दोघींनी माझ्याकडे पैसे ठेवले आहेत. नावं विचारू नकोस, शपथ घातली आहे. सांगायचं एवढंच, की लोक आता "तो नोकरी सोडलेला" न म्हणता विश्वास टाकायला लागले आहेत. मेपर्यंत राहू दे, ताई. मार्चमध्ये काढलेस तर पिकायच्या आत आंबा उतरवल्यासारखं होईल.

तुझा,
धाकटा


२५ फेब्रुवारी

चि. धाकट्या,

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवता आलं नाही, कारण त्यांना तुझ्याकडच्या पैशांचं माहीतच नाही. पण तुझं काम काय ते सांगितलं. म्हणाले, "सहा जोड्या? चपलांच्या का?" तेव्हापासून तुझं नाव त्यांनी परदेशी ठेवलं आहे. "तुझा परदेशी काय म्हणतो? विमानात बसला का एकदा तरी?"

मला मात्र तुझी रीत पटली. अगदी माझीच वाटली. आई म्हणायची तू तिच्यावर गेलास. मी म्हणते, तू माझ्यावर गेलास. मीही एकाच्या भरवशावर कधी राहिले नाही. डाळ एका दुकानातून, तेल दुसऱ्या, आणि दोघांनाही वाटतं ही बाई आपलीच गिऱ्हाईक. एकाने वजनात मारलं तरी महिना पार पडतो. तुझी सहा चलनं म्हणजे तेच.

म्हणून माझा हिस्सा मार्चमध्ये काढत नाही. मेपर्यंत राहू दे. वीस मेच्या आत मात्र हातात पाहिजे, त्यात सबब नको. आणि त्या दोघी कोण असतील त्या असोत, त्यांचे पैसे माझ्या पैशांइतकेच जप. बायकांची साठवण कशातून होते ते तुला कळायचं नाही. दूध फाटलं तर फेकून न देता, पदर फाटला तर नवा न घेता ती होते.

खोल्या पाहून आले. स्वयंपाकाच्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे. देव तिथेच ठेवीन, सकाळचं ऊन थेट त्यांच्यावर येईल. ह्यांनी नळ उघडून पाहिला आणि म्हणाले, "दाब बरा आहे." ह्यांच्या तोंडून घराची याहून जास्त स्तुती व्हायची नाही.

ताई


२० मार्च

ताई,

घाईत लिहितो. सहाही जोड्या हिरव्या! हिरव्या म्हणजे फायद्यात. दोन हिरव्या आणि चार लाल असं माझं आयुष्य चाललं होतं, आणि आता पंधरवडाभर सगळ्या एकदम हिरव्या. एक वर गेली की मागोमाग बाकीच्या, जशी एका दोरीला बांधलेली मुलं. सर म्हणाले, तुझा अभ्यास फळाला आला.

म्हणून सौदे मोठे केले आहेत. काळजी नको, सहाही सारख्याच प्रमाणात मोठे केले, एकीवर भार टाकलेला नाही. तुझ्या हिश्शावर आता घराला जाळीचं दारही बसेल. भाऊजींना सांग, परदेशी विमानात नाही बसला, पण विमानतळाच्या दिशेने निघाला आहे.

धाकटा


२ एप्रिल

चि. धाकट्या,

वाचून बरं वाटलं. देवापुढे तुझ्या नावाने जास्तीची एक वात लावली. ह्यांनी विचारलं, "आज दोन का?" म्हटलं, "तेल स्वस्त झालंय." खोटं बोलले, देव क्षमा करो.

एक सांगायचं राहिलं. बांधकामवाल्याचा निरोप आला, काम लवकर उरकतंय, चावी दहा मेलाच देतो. म्हणजे पैसेही दहा मेला. तेव्हा माझा हिस्सा एप्रिलअखेर काढून ठेव. फायदा थोडा कमी झाला तरी चालेल. जाळीच्या दारावाचून कोणी मेलं नाही.

पत्र पोचल्याचं कळव.

ताई


१९ एप्रिल

धाकट्या,

दोन आठवडे झाले, तुझं उत्तर नाही. फोन बंद. शेवटी तुझ्या बायकोच्या दवाखान्यात फोन लावला. ती म्हणाली, "ते त्या खोलीत जातात आणि येतात, ताई. डबा जसाच्या तसा परत येतो. विचारलं तर म्हणतात, बाजार आहे." आणि मग तिने पेशंट आले म्हणून ठेवला. तिचा आवाज मला बरा वाटला नाही.

काय झालंय ते लिही. वाईट असेल तर वाईट लिही. माझं काळीज थाऱ्यावर नाही, पण न कळण्यापेक्षा ते बरं.

ताई


२४ एप्रिल

ताई,

लिहायला बसतो आणि कागद फाडतो, असं किती वेळा झालं. आज फाडणार नाही.

पैसे गेले. तुझा हिस्सा, त्या दोघींचे, माझे, सगळं मिळून जे होतं त्यातला पाचवा भाग उरला आहे. तुझं दोन तारखेचं पत्र आलं त्याच आठवड्यात अमेरिकेच्या व्याजदरांची बातमी आली. डॉलर उसळला. मला वाटलं एखाद-दोन जोड्या मार खातील, बाकीच्या सावरून धरतील. ताई, सहाही एकदम लाल झाल्या. पाउंड पडला, युरो पडला, ज्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही असं मी समजत होतो तेही पडले. मार्चमध्ये सौदे मोठे केले होते, त्यामुळे ठेव बघता बघता आटली. दलालाचं यंत्र एकेक सौदा बंद करत गेलं आणि मी खुर्चीत बसून बघत होतो. खाली झेरॉक्स चालू होतं. कोणीतरी लग्नपत्रिकांच्या प्रती काढत होतं.

सहा जोड्या नव्हत्याच, ताई. प्रत्येकीत एका अंगाला तोच डॉलर होता आणि प्रत्येक ठिकाणी मी तो विकलेला होता. एकच पैज मी सहा वेळा लावली आणि तिला जोखीम वाटणं म्हटलं. सगळ्या एकदम हिरव्या झाल्या तेव्हाच हे कळायला हवं होतं. तेव्हा मी तुला विमानतळाच्या गोष्टी लिहीत होतो.

आता शपथ मोडतो, कारण तुझा सल्ला हवा आहे. त्या दोघी म्हणजे आपली मधली आणि तुझ्या वन्सं. मधली म्हणाली होती, "शिवणकामाचे साठवलेले आहेत, ताईला कळू देऊ नकोस, ओरडेल." वन्सं म्हणाल्या, "माझ्या शाळेच्या पगारातले आहेत, वहिनींच्या कानावर घालू नका." दोघींना अजून काही माहीत नाही.

उरलेलं तीन ठिकाणी वाटलं तर कुणाचंच भागत नाही. तुझं घर होत नाही, मधलीसमोर जाता येत नाही, आणि वन्संकडून बातमी भाऊजींपर्यंत गेली तर तुझी सासरी मान खाली. म्हणून ठरवलं आहे, की डॉलर चढतोच आहे, तर या वेळी उलट्या बाजूने जायचं. उरलेलं सगळं त्याच्यावर. सात मेला मोठी घोषणा आहे. एकदा साधलं तर निदान दोघींचे फिटतील. तुझे सगळ्यात शेवटी, कारण तू समजून घेशील. तू नेहमीच घेतेस.

मला रागाव, पण नाही म्हणू नकोस.

धाकटा


२७ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र कुरिअरने तुझ्या बायकोच्या दवाखान्यात पाठवते आहे. तिला फोनवर सांगितलं आहे, त्याच्या हातात दे आणि तो शेवटपर्यंत वाचेपर्यंत समोर बस. म्हणून तूही शेवटपर्यंत वाच.

तुझं पत्र दुपारी आलं. वाचून मी आधी मधलीला फोन लावला.

"माझे पैसे कुठे आहेत?"

"कुठले गं?"

"मी तुझ्याकडे ठेवलेले."

"आहेत की. तू मे म्हणाली होतीस ना? आत्ता कुठे आंबेसुद्धा पिकले नाहीत."

"धाकट्याला दिलेस?"

तिच्या शिलाई मशीनचा आवाज येत होता तो थांबला. मग म्हणाली, "कपाटात ठेवून कुजवू नकोस, सुरक्षित जागी ठेव, असं तूच सांगितलंस. सख्ख्या भावापेक्षा सुरक्षित जागा कुठे असते, ते सांग मला." आणि रडायलाच लागली. "त्याला म्हटलं माझेच आहेत. तुझे म्हटलं असतं तर तुला विचारायला आला असता, आणि तू नाही म्हणाली असतीस."

मग बसने वन्संच्या शाळेत गेले. त्या व्हरांड्यात वह्या तपासत होत्या. मला पाहून लाल पेन बाजूला ठेवलं.

"वहिनी, या वेळी? दादा बरा आहे ना?"

"ते बरे आहेत. वन्सं, मी तुमच्याकडे ठेवलेली रक्कम."

"सुरक्षित आहे," त्या म्हणाल्या, आणि पर्समधून तुझ्या सहीची पावती काढून माझ्यासमोर धरली. केवढ्या अभिमानाने, धाकट्या! "तुमचाच भाऊ म्हणून दिले. परक्याला दिले असते का मी? म्हटलं, मेमध्ये वाढवून हातात ठेवू आणि वहिनींना चकित करू."

समजलं का तुला? शिवणकामाचे नव्हते आणि शाळेच्या पगारातलेही नव्हते. मी तीन जागी ठेवले ते हेच. तुझ्याकडे एक हिस्सा, मधलीकडे एक, वन्संकडे एक, आणि तिघांनाही बजावलं, दुसऱ्याला कळू देऊ नका. त्यांनी पाळलं. इतकं पाळलं, की दोघीही एकाच दारात जाऊन आल्या तरी एकमेकींना दिसल्या नाहीत. एकमेकींत बोलू दिलं असतं तर एक तरी म्हणाली असती, "अगं, मीही तिथेच ठेवलेत, तू दुसरीकडे ठेव." तोंडं मीच शिवून ठेवली होती.

मी धान्याचे चार डबे भरून ठेवते, एकाला कीड लागली तर तीन वाचावेत म्हणून. मागे एकदा चारहीत एकदम किडे निघाले. झाकणं घट्ट होती, डबे उन्हात तापवलेले होते. मग ध्यानात आलं, की चारही डबे एकाच पोत्यातून भरले होते. तू तुझ्या चलनांचं लिहिलं आहेस ते मला यातून कळलं. तुझ्या सरांनी फळ्यावर लिहून शिकवलं असतं तर कळलं नसतं.

आता नीट वाच. तू तिघींचं भागवायला उडी मारायला निघाला आहेस. तिघी नाहीत. एकच आहे आणि ती मी आहे. मधलीचं तू एका पैशाचं देणं लागत नाहीस, वन्संचंही नाही. कोणाचे आधी फेडू, कोणाचे नंतर, हा प्रश्नच उरला नाही. जे उरलं आहे ते माझं आहे, आणि मला ते आहे तसंच हवं आहे. वाढवून नको. दुप्पट करून नको. सात मेची वाट बघू नकोस.

तू लिहितोस, ताई समजून घेईल. या वेळी मी समजून घेत नाही, धाकट्या. घर गेलं. आता जे राहिलं तेही गेलं तर मी तुला घरातलं माणूस म्हणून ओळखीन की नाही, ते मला खरंच सांगता येत नाही. हे मी रागात लिहिलेलं नाही. आंघोळ करून, देवापुढे बसून लिहिलं आहे.

ताई


४ मे

ताई,

बायको स्टुलावर बसली होती. पाकीट दिलं आणि दारही लावून घेतलं. तुझ्या डब्यांपर्यंत आलो तेव्हा मी उठायला लागलो, तर म्हणाली, "बसा. पान उलटायचंय अजून."

खरं ते सांगतो. तुझं पत्र आलं तेव्हा अर्धी रक्कम लावून झाली होती. आणि ताई, ते हिरवं होतं. महिन्याभरात पहिल्यांदा पडद्यावर हिरवा रंग होता. माझ्या मनात काय आलं ते लिहायलाही लाज वाटते. वाटलं, तुझं पत्र मला उशिरा पोचलं असं भासवावं.

"वाचलं?" तिने विचारलं.

"वाचलं."

"मग?"

"फायद्यात आहे गं. घोषणेपर्यंत..."

"ताईंनी फायदा विचारलाय का?"

"नाही."

"मग बंद करा. माझ्यासमोर करा. मला त्यातलं कळत नाही, पण तुमचं तोंड कळतं."

बंद केलं. जरासा फायदा झाला होता, पण घर वाचेल एवढा त्यात कुठून असणार? सगळी रक्कम काढून घेतली, तुझ्याकडे पोचायला काही दिवस लागतील. नंतर डॉलर कुठे गेला ते पाहिलेलं नाही. पाहायची सोयही ठेवलेली नाही. दोन्ही पडदे खालच्या झेरॉक्सवाल्याला विकले. तो विचारत होता, "धंदा बदलला का, शेठ?"

नोकरी पाहिली आहे. बसस्थानकाजवळ नोटा बदलून देण्याचं दुकान आहे, काचेमागे बसायचं. परदेशी जाणाऱ्यांना तिकडच्या नोटा मोजून द्यायच्या. दर मालक फळ्यावर लिहितो, मला त्यात काही बोलायचं नाही. पगारातून दर महिन्याला तुला पाठवीन. किती वर्षं लागतील त्याचा आकडा काढला होता, तो लिहीत नाही.

मधलीला आणि वन्संना मी तोंडाने सांगितलं. मधलीने फोन ठेवून दिला. वन्सं म्हणाल्या, "पावती फाडू का?" मी म्हटलं, वहिनींना द्या.

भाऊजींना सांगितलंस का? मी येऊन पाया पडू का?

धाकटा


१९ मे

धाकट्या,

रक्कम आली. तू सांगितलीस तेवढीच आली, एवढं बरं.

ह्यांना सांगितलं. कसं ते लिहिते, कारण तुला ते टोचत राहावं असं मला वाटतं. खोटं कशाला बोलू?

हे गॅलरीत बसून जुन्या नळाला धागा गुंडाळत होते. घर परत करताना एकही नळ गळता ठेवायचा नाही, असा त्यांचा हट्ट आहे. मी तुझं, मधलीचं, वन्संचं, सगळं एका दमात सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे तीन ठिकाणी ठेवलेस."

"हो."

"शिंपीण, मास्तरीण आणि परदेशी."

"हो."

"मी इथेच होतो की गं. याच खुर्चीत."

मी म्हटलं, "तुम्ही वाटून टाकले असते."

"टाकले असते," ते म्हणाले. धागा दाताने तोडला. "थोडे टाकले असते. सगळे नसते टाकले."

त्या दिवशी जेवले नाहीत. आरडाओरडा केला असता तर मला सोसलं असतं. इतक्या वर्षांत मी त्यांच्यापुरता एक डबा केला नाही आणि त्यांना तो मागावासाही वाटला नाही, हे मला त्या रिकाम्या ताटाने शिकवलं.

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून बांधकामवाल्याकडे गेलो. हे हात जोडून बोलले, त्याने करार दाखवला. लचका तोडून बाकीचे परत केले. खोल्या एका तरुण जोडप्याने घेतल्या. ती मुलगी पूर्वेच्या खिडकीपाशी उभी होती, मी तिला सांगितलं, सकाळचं ऊन इथे चांगलं येतं. आम्ही टपाल कचेरीच्या मागे एक खोली भाड्याने घेतली आहे, स्वयंपाक आणि झोपणं त्यातच. ह्यांना दोन तासांचं पंप बघण्याचं काम मिळण्यासारखं आहे. या वयात.

तू येऊ नकोस अजून. पाया पडायला तर मुळीच नको. हे तुला उठवतील आणि खिशात हात घालतील, आणि मला ते बघवणार नाही. राग किती टिकेल ते माहीत नाही. रोज प्रार्थनेत तुझं नाव घेते, ते घेताना जीभ अडते, तरी घेते. हप्ता मात्र चुकवू नकोस. थोडा असला तरी दर महिन्याला. मधलीशी मी बोलायला लागले आहे. तिला म्हटलं, यापुढे माझं काही असेल तर सगळ्यांसमोर बोल, कानात नको.

हप्ता कुठे भरायचा ते मागच्या बाजूला लिहिलं आहे. काल आम्ही बँकेत जाऊन दोघांच्या नावाने खातं काढलं. काउंटरवरच्या मुलीने अर्ज पुढे सरकवला आणि विचारलं, पैसे काढायला कोणा एकाची सही चालेल की दोघांची लागेल? मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "हिची एकटीची चालेल."

मुलगी खूण करायला लागली तशी मी तिच्या पेनवर हात ठेवला. म्हटलं, "नाही. दोघांची."

ताई